साठ इंची छत्री

उद्या भार्गवीच्या साखरपुड्याचे फोटो, किशोरीने स्वतःच्या नावावर घेतलेले पहिले काम, आणि आज संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, सुशांतने, तिची छत्री परत करून टाकली होती.

ही पावसातली छत्री नव्हे, फोटोवाल्यांची. साखरपुड्याचा कसालचा हॉल भर दुपारीही काळोखा. नुसता फ्लॅश मारला की मधली माणसे पांढरीफटक आणि कडेची सावलीत. मोठ्या छत्रीच्या कापडातून उजेड आला तर सगळ्यांवर सारखा पसरतो, म्हणून तिने कुडाळला दीपेशच्या दुकानातून साठ इंची छत्री आणली होती. उद्याचे काम फसले, की "कॅमेरो ठेव आणि दुकानात बस" हे सुशांतचे पालुपद कायमचे मानेवर बसणार होते.

"नऊ इंच कमी होती," सुशांत म्हणाला. "ह्या टोकासून त्या टोकापर्यंत टेप लावन मोजलंय. एकावन्न. दीपेशाक भर बाजारात चोर म्हणान इलंय."

"माका विचारलंस?"

"तुका काय विचारूचा? छत्रीचो धंदो आमचो."

किशोरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाईंसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, ती नवऱ्याला नेहमी 'तुमी' म्हणे. आज ते राहूनच गेले. भाई आपल्या छत्र्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसून सगळे ऐकत होते, आणि ऐकू देत, असे तिला वाटले. दीपेशने तिला पाच छत्र्या उघडून दाखवल्या होत्या, बिचारा तासभर उभा होता. त्याला हा शहाणा चोर म्हणून आला. मोजायचे कसे ते ठाऊक नाही, आणि तोंड मात्र बाजारभर.

तिने फळीवरची एक काळी छत्री ओढली आणि खाड्कन उघडली.

"ही किती इंची?"

"तेवीस."

"खंय मोजलंस तेवीस?"

"काडयेर."

"म्हणजे दोन बाजूंच्यो काडयो मिळान शेचाळीस. आता टेप लाव, दीपेशाच्या छत्रीक लावलंस तसो. सरळ, टोकासून टोकापर्यंत."

सुशांतने टेप लावला. मग पुन्हा लावला.

"किती?"

"चाळीस."

"मगे भाईंनी सहा इंच खाल्ल्यानी म्हण. बाजारात जावन म्हण."

सुशांतने टेप गुंडाळला. छत्री उघडली की काड्या वाकतात आणि टोके जवळ येतात, हे त्याला शेंबड्या वयापासून दिसत होते. फोटोच्या छत्रीचा आकडाही तसाच, वळणावरून, कापडाला टेप चिकटवून मोजलेला. उघडल्यावर एकावन्न भरणार हे धरूनच किशोरीने साठ घेतली होती. पण बायकोची वस्तू म्हटल्यावर त्याला सरळ टेपच आठवला.

"माझ्या दुकानात उभो ऱ्हवान माकाच चोर ठरवलंस रे," भाई म्हणाले, आणि त्यांनी छत्री मिटून फळीवर ठेवली.

सुशांतने स्कूटरची चावी उचलली. "छत्री हाडतंय परत," तो पुटपुटला.

"नुसती हाडू नको. चुकलंय म्हणान सांग. चोर म्हटलंस तेवढ्याच मोठ्यान."

"सांगतंय गो."

त्याच्या सांगण्यावर तिचा काडीइतकाही विश्वास नव्हता. तिने चपला घातल्या आणि त्याच्या मागे स्कूटरवर जाऊन बसली.