दोघांच्या मापाची बॅग

मी एक जुनी, खाकी, पाठीवर घ्यायची बॅग आहे. माझं वय एकवीस वर्षं. माणसाला हे काही फार नाही, पण मित्रांनो, बॅगेला विचारा. माझे पट्टे दोनदा बदलले, चेन तीनदा, आणि तळाला इतकी ठिगळं आहेत की मूळ कापड कुठे उरलंय ते मलाच सांगता येत नाही. खरं सांगते, मी दमले आहे. तरी उद्या मला पुन्हा निघायचं आहे, म्हणून आजच बोलून घेते.

मला एका शिंपीणबाईंनी शिवलं. तंबूचं जाड कापड होतं. लोकांचे पडदे आणि गणवेश शिवून झाले की त्या मला मशीनवर घ्यायच्या. सुया मोडत होत्या, बाई हटत नव्हत्या. माप घेतलं होतं दोघांच्या कपड्यांचं, कारण बाईंचे यजमान दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी फिरायला नक्की जाऊ." मी तयार झाले आणि त्याच वर्षी ते एकाएकी वारले. सहा महिने बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एका सकाळी त्यांनी मला भरलं आणि निघाल्या. जिन्यात शेजारीण म्हणाली, "एकट्याच? सोबत कोण?"

"बॅग आहे की," बाई म्हणाल्या.

एकट्याच्या प्रवासातलं सुख मी जवळून पाहिलं आहे. खिडकीची जागा कोणाला द्यावी लागत नाही. भूक लागली की जेवायचं, पाय दुखले की बसायचं. एकदा बाई एका तलावाच्या काठी दुपारभर नुसत्या बसून होत्या आणि गुणगुणत होत्या. घरात मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. पण तापाने फणफणलं तर उशाशी पाणी ठेवणारंही कोणी नसतं. आणि स्वच्छतागृहात जायचं तर बॅग कोणाच्या भरवशावर ठेवणार? मला आत नेत. किती स्टेशनांच्या ओल्या फरशांवर मी बसले, ते विचारू नका.

माझी निम्मी बाजू रिकामी राही. ते बाईंना बघवत नसे. मग "लागलं तर असू दे" म्हणत त्या ती भरून टाकत. जास्तीची शाल, दुसऱ्या चपला, कात्री, दोऱ्याची रिळं. त्यातलं बहुतेक काही लागत नसे. ओझं मात्र दोघांचं व्हायचं आणि वाहणारी पाठ एकच.

निघण्याआधी एक परीक्षा असे. मला जमिनीवरून उचलून कपाटावर ठेवायचं, तीन वेळा. जमलं तरच जायचं. पंधरा वर्षं जमलं. पुढे तिसऱ्या खेपेला बाईंचे हात थरथरू लागले, तेव्हापासून त्या दोनदाच उचलू लागल्या. ही लबाडी मी कोणाला सांगितली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका लहान स्टेशनावर गाडी जेमतेम मिनिटभर थांबली. मला पाठीवर घेऊन बाईंना पायरी चढवेना. म्हणून त्यांनी मला आधी आत ढकललं आणि दांडा धरेपर्यंत गाडी सुटली. बाई फलाटावर, मी गाडीत. एकटीने जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. कोणीतरी मला पायाने बाजूला सारलं. पुढच्या स्टेशनावर मला उतरवलं. बाईंचा मोबाइल माझ्याच कप्प्यात होता. पण गिऱ्हाइकाच्या कापडाला चिठ्ठी लावल्याशिवाय बाईंना चैन पडत नाही, तशी माझ्याही अस्तरावर लाल दोऱ्याने त्यांनी मुलाचा नंबर भरला होता. स्टेशनमास्तरांनी त्यावर फोन केला. दोन तासांनी बाई बसने धापा टाकत आल्या.

घरी मुलगा ओरडला नाही. हळूच म्हणाला, "बॅग मिळाली, बाई नाहीत, असं सांगितलं मला. ते दोन तास मी काय समजून बसलो होतो, ते तुला सांगवत नाही गं आई. आता एकटीने नाही जायचं."

मी माळ्यावर गेले. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. धूळ होती, उंदीर होते, पण ओझं नव्हतं. खाली मशीन चालायचं. गुणगुणणं मात्र कधी ऐकू आलं नाही.

गेल्या आठवड्यात बाईंनी मला खाली काढलं. नेहमीसारखं भरून उचललं आणि कपाटावर ठेवलं. दुसऱ्यांदा मी त्यांच्या हातून सुटले. त्या खाली बसल्या. मला वाटलं, संपलं आता. पण त्यांनी मला रिकामं केलं, खडू घेतला आणि माझ्या मधोमध रेघ ओढली. कात्री लावताना हात थांबला.

"अहो, तुमची बाजू काढतेय हं," त्या पुटपुटल्या. मग कापलं. मला दुखलं, त्यांना जास्त दुखलं असावं.

संध्याकाळी मुलगा आला. त्याने मला दोन बोटांनी उचललं. "एवढीशी?"

"मला पेलते एवढी."

"भरून दाखव."

बाईंनी मला भरलं आणि तीनदा कपाटावर ठेवलं. तिसऱ्यांदा हात थरथरले नाहीत. त्याने माझे पट्टे ओढून पाहिले. मग म्हणाला, "फोन गळ्यात हवा." फोनची पिशवी बाईंनी आधीच शिवून ठेवली होती.

माझा दुसरा भाग आता मशीनपुढच्या खुर्चीच्या गादीला आहे. त्याला कुठे जायचं नाही. मला त्याचा थोडा हेवा वाटतो.

मित्रांनो, आम्हाला पायाने सारू नका, उसवलो तर वेळीच टाका घाला. आणि भरून झाल्यावर एकदा स्वतः उचलून बघा. जे येणार नाहीत त्यांचं सामान आम्ही किती वर्षं वाहायचं?

बाई शालीची घडी घालताहेत. एकाच शालीची. आणि गुणगुणताहेत.