कोरडं जेवण

"बाबा, वरून सूप ओतलंत ना?" मिसुकने फोनवर विचारलं.

"नाही," म्हणत ग्वाक म्हाताऱ्याने हातातली पळी पाठीमागे लपवली. मुलगी बसली होती लांब सुवनला, इमारतीच्या कितव्याशा मजल्यावर. पण खोटं बोलताना पळी लपवायची सवय त्याला तिच्या आईने लावली होती. आई गेली तरी सवय गेली नव्हती.

"मग लपलप कसली ऐकू येतेय?"

"मी जेवतोय."

"आत्ता? चार वाजता?"

"म्हातारपणी भूक घड्याळ बघत नाही."

पायरीखाली नुरुंगजी कुत्र्याचं काम शिस्तीत चाललं होतं. आधी त्याने सुक्या मासळीचं सूप चाटून संपवलं. मग विकतच्या कुत्र्याच्या खाण्याची एकेक कोरडी गोळी तोंडात घेतली, तिला लागलेला रस चोखला आणि गोळी वाडग्याबाहेर ठेवली. थुंकली नाही, ठेवली. शेवटी वाडगा घासल्यासारखा लख्ख झाला, भोवती गोळ्यांचं कडं पडलं, आणि कुत्र्याने मान वर करून म्हाताऱ्याकडे बघितलं. सुरुवात तर बरी झाली, आता जेवण येऊ द्या, असं काहीसं.

नुरुंगजी म्हणजे भाताच्या भांड्याच्या तळाला लागलेली खरवड. रंगावरून पडलेलं नाव, आणि खाणंही तेच. गरम पाण्यात भिजवलेली खरवड, वर सूप, आणि नशीब जोरावर असेल तर माशाचं डोकं. त्या गावात सुपाशिवायच्या खाण्याला माणसंही जेवण म्हणत नसत, तिथे कुत्र्याला दोष कसा द्यायचा?

ग्वाकला वसंतापासून खोकला होता. उभा जन्म गावाची भातगिरण चालवून तूस आणि कोंडा छातीत भरलेल्या माणसाला खोकला नसता तरच नवल, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. मग तालुक्याच्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरला आणि बराच वेळ यंदाच्या उकाड्याबद्दल बोलत राहिला. ग्वाक काय ते समजला. त्यानेही उकाड्याबद्दलच उत्तरं दिली.

ठरलं ते असं. मिसुकच्या आईचं वर्षश्राद्ध घरी करायचं, दुसऱ्या दिवशी घराला कुलूप घालायचं, आणि म्हाताऱ्याने सुवनच्या इस्पितळात जायचं. परत कधी यायचं, हे कुणी विचारलं नाही. चर्चा झाली ती कुत्र्याची.

जावई नाम भला माणूस. कुत्रा ठेवू म्हणाला. अट एकच, कोरडं खात असेल तर. नवराबायको दोघं नोकरीला, घर बंद. माशाची डोकी उकळणार कोण, आणि वास सुटला की शेजाऱ्यांची बोलणी खाणार कोण? "श्राद्धाला येऊ तेव्हा एक वाडगा खाऊ दे," तो म्हणाला, "मी स्वतः उचलून गाडीत बसवीन." आणि नाही खाल्लं तर, हे तो बोलला नाही. भल्या माणसांना वाक्य अर्धं सोडता येतं.

उरलेलं अर्धं शेजारच्या सुनचांगवालीने पूर्ण केलं. तिचं माहेर सुनचांगचं, म्हणून गावाला ती सुनचांगवाली. खरं नाव तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि तो वारला होता.

"भावजी, ही पेंड कुत्र्याला घालता होय? माझ्या कोंबड्यांना विचारा. त्यांच्या फार पसंतीस उतरलीय."

तीच तर पंचाईत होती. वाडगा ठेवून पाठ फिरवली की हिच्या कोंबड्या भिंतीवरून उतरत आणि गोळ्या फस्त करत. पंधरवड्यात त्या अशा गुबगुबीत झाल्या होत्या की भिंत चढताना धापा टाकत. म्हणून ग्वाक हातात झाडू घेऊन वाडग्याशी पहारा देई, खोकत उभा राही, आणि कुत्रा गोळ्या सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसे.

"नाही खात तर राहू द्या की माझ्याकडे. मी सांभाळीन," सुनचांगवाली म्हणाली.

तिच्याकडे दर वसंतात नवं पिल्लू येई आणि ऐन उन्हाळ्यात दिसेनासं होई. सगळ्यांचं नाव डोकू. दर वर्षी नवं नाव कोण शोधणार?

"आणि भावजी, दाराशी तो खड्डा कुणी खणला?"

"यानेच. उकडतं म्हणून थंड मातीत बसतो."

"हं." तिने खड्डा नीट बघून घेतला. "आमचे मालक गेले त्या वर्षी आमच्याही कुत्र्याने अस्साच खणला होता. लांबी जरा जास्त होती." मग म्हाताऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून ती म्हणाली, "पण ते उंच होते."

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून आवाज आला. निळ्या ट्रकच्या टपावरच्या कर्ण्यातून एक बाई फार गोड आवाजात म्हणत होती, "कुत्री विका, कुत्री. मोठी कुत्री, लहान कुत्री. शेळ्याही घेतो." ध्वनिफीत जुनी होती, शेळ्यांपाशी आली की बाईचा घसा बसे. बोकनाल तोंडावर आले होते. उकाड्याच्या त्या दिवसांत अंगात ताकद यावी म्हणून गरम सूप प्यायची पूर्वापार रीत. कोंबडीचं प्यायचं की आणखी कशाचं, ते ज्याने त्याने बघावं. ग्वाकही उभा जन्म प्यायला होता. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं आणि आताही वाटत होतं असं नाही. फक्त कर्णा ऐकू आला की त्याचा हात आपोआप कुत्र्याच्या मानेवर जाई.

ट्रक दाराशी थांबला. ट्रकवाला खाली उतरून अदबीने वाकला.

"आजोबा, बरं आहे ना?"

"बरंय."

"याची तब्येत उतरलीय." त्याने उकिडवं बसून नुरुंगजीच्या बरगड्यांवरून तळवा फिरवला. अख्ख्या गावात कुत्र्याच्या प्रकृतीची इतक्या आपुलकीने चौकशी करणारा तो एकटाच. "मागच्या खेपेला चांगला भरला होता. खात नाही का?"

"कोरडं खात नाही."

"कोरडं कशाला? भात घाला, सूप घाला." त्याने सुनचांगवालीकडे बघितलं. तिने नजर कोंबड्यांकडे वळवली. "तुम्ही इस्पितळात जाणार असं कानावर आलं. काळजी करू नका, आजोबा. मी या वाटेने असतोच."

ट्रक गेला. मागच्या जाळीच्या पिंजऱ्यांत काही नव्हतं. रिकामे होते म्हणून खडखड मात्र जास्त झाली.

त्या दिवसापासून ग्वाकने सूप बंद केलं. दोन दिवस कुत्रा नुसतं पाणी प्यायला. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने त्याच्यासमोर बसून एक गोळी स्वतः खाल्ली. "बघ, काही होत नाही," म्हणाला, आणि पुढे इतका खोकला की त्याला ओसरीचा खांब धरावा लागला. नुरुंगजीने हे सगळं काळजीपूर्वक बघितलं आणि वाडग्यापासून आणखी हातभर मागे सरकून बसला.

श्राद्धाच्या दिवशी मुलगी आणि जावई दुपारीच आले. मिसुकने आल्या आल्या कुत्र्याच्या बरगड्या बघितल्या, मग बापाच्या बघितल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन जोरजोरात मुळा चिरायला घेतला. नामने गोळ्यांचं नवं पोतं आणलं होतं. कोकराच्या मांसाच्या स्वादाचं, नाजूक पोटाच्या कुत्र्यांसाठी. पोत्यावरचा कुत्रा हसत होता. नुरुंगजीने तो हुंगला आणि पोत्याच्या कोपऱ्यावर तंगडी वर केली.

"बाबा," नाम चाचरत म्हणाला, "जबरदस्ती नको करूया. त्या शेजारच्या काकू म्हणत होत्या, सांभाळीन म्हणून."

"हो," ग्वाक म्हणाला. "त्यांना अनुभव आहे."

दिवेलागणीला चौरंग मांडला. फोटोसमोर भात, मांस घातलेलं मुळ्याचं सूप, वाफवलेला मासा, सोललेली फळं. मिसुकने जाता जाता पायरीखाली गोळ्यांचा वाडगा ठेवला. कोंबड्या खुराड्यात गेल्या होत्या, त्यामुळे झाडू घेऊन कुणी उभं राहायचं कारण नव्हतं. ग्वाकने मद्य अर्पण केलं, तिघांनी जमिनीला कपाळ टेकलं, त्याने भातात चमचा उभा खोचला, आणि गेलेल्या माणसाला निवांत जेवता यावं म्हणून तिघं ओसरीवर येऊन कागदी दार ओढून घेऊन उभे राहिले. दाराकडे तोंड, अंगणाकडे पाठ, माना खाली. नऊ घास होतील इतका वेळ थांबायचं, मग घरच्या कर्त्याने खाकरून आत जायचं. जेवणाऱ्याला अवचित गाठू नये एवढाच हेतू.

आणि पाठीमागे आवाज झाला. कुर्रम.

नामची मान वळू लागली. मिसुकने त्याची बाही ओढली. "वळायचं नाही," ती ओठ न हलवता म्हणाली. "आई जेवतेय."

कुर्रम. थोडी शांतता. मग दोनदा पाठोपाठ, कुर्रम कुर्रम.

ग्वाक दाराच्या कागदाकडे बघत उभा होता. मिसुकची आई वाडगा आपटून आत निघून जायची. तिला शंभर कामं. त्या कुत्र्याने काय खाल्लं न् कसं खाल्लं, हे तिने एकदाही बघितलं नसेल. ती गेल्यापासून हा बावळट म्हाताराच रोज त्याच्यासमोर मांडी ठोकून बसत होता. सूप काय, कुणाहीसमोर पिता येतं. कोरडं घशाखाली उतरवायला एकांत लागतो.

त्याच्या छातीत खोकला जागा झाला. त्याने ओठ मिटले. खोकला गळ्यापर्यंत आला, तिथे अडला, डोळ्यांतून पाणी काढलं.

"बाबा," मिसुक कुजबुजली, "नऊ घास होऊन गेले."

ग्वाकने मान हलवली. नाही.

"कधीच झाले. खाकरा ना."

"तुझी आई," तो कसाबसा म्हणाला, "सावकाश जेवतेय."

"आई? तिनं जन्मात कधी बसून दोन घास खाल्ले नाहीत. चुलीपाशी उभ्याउभ्या उरकायची."

"म्हणून तर. आज बसलीय. जेवू दे."

पाठीमागे कुर्रम कुर्रम चालूच होतं. ग्वाकचं कपाळ घामाने भिजलं, मानेची शीर उडू लागली. कुत्रा जेवला तर गाडीत बसणार आणि जाणार, नाही जेवला तर ट्रकमध्ये बसणार आणि जाणार. अंगणात उरणार नव्हता तो नव्हताच. एवढं असूनही म्हाताऱ्याने तो खोकला मुठीत धरावा तसा धरून ठेवला. शेवटी कुर्रम कुर्रम थांबलं आणि रिकाम्या वाडग्यावर जीभ फिरल्याचा आवाज आला.

विधीला तीनच खोकले लागतात. ग्वाकने हात आखडता घेतला नाही. नामने त्याला दंडाला धरून उभं ठेवलं. खोकला ओसरल्यावर त्याने तोंडावरचा रुमाल न बघताच घडी करून बाहीत सारला. मुलीने तो बघितला. तिने दार उघडलं.

"खाल्लं बरं का," नाम पायरीवरून म्हणाला. "सगळं खाल्लं." त्याचा चेहरा जरासा पडला होता, पण शब्दाचा पक्का माणूस, गाडीत मागच्या बाजूला चादर अंथरायला लगेच निघून गेला.

आता चौरंगावरचं सूप उचलून जागी पाणी ठेवायचं होतं. ते सूप दर सणाला कुत्र्याचं. मिसुकच्या आईचा तसा नियमच होता. ग्वाक वाडगा दोन्ही हातांत धरून बाहेर आला आणि पायरीवर बसला. नुरुंगजी उठला, त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि शेपटी जमिनीवर आपटू लागला.

"बाबा, नका," मिसुक दारातून म्हणाली. तिचा आवाज हळू होता. "आज हे मिळालं तर उद्या तो तिकडे गोळ्यांना तोंड लावायचा नाही. आणि मग हे..." तिने गाडीकडे बघितलं.

"समजलं," ग्वाक म्हणाला.

महिनाभर दोन घासांपुढे त्याला अन्न जात नव्हतं. त्याने वाडगा तोंडाला लावला. सूप गार झालं होतं, वर चरबीचा पापुद्रा धरला होता. मुळ्याच्या फोडी त्याने चावून खाल्ल्या, मांसाचे तुकडे खाल्ले, मधे थांबून दम घेतला आणि तळापर्यंत प्यायला. वाडगा जसजसा कलत गेला तसतशी कुत्र्याची मान वर होत गेली. मग शेपटी थांबली.

ग्वाक गुडघ्यावर हात टेकून उठला, नळापाशी गेला, आणि वाडग्याला माती लावून तो धुऊ लागला. हुंगून बघितला. पुन्हा माती लावली आणि वास जाईपर्यंत चोळत राहिला.