ग्रीस लावलेली पिन

मी एक जुनी पिन आहे. खरं म्हणजे पिनेचा उरलेला तुकडा, नखाएवढा. माझ्या जातीत कुणी जुनं होतच नाही. पाण्यात गेलो की आम्ही विरघळतो, त्यासाठीच आम्हाला घडवलेलं असतं. तेव्हा मित्रांनो, मी तुमच्याशी बोलते आहे हेच नवल समजा.

मॅग्नेशियम या हलक्या धातूत आणखी दोन-चार धातू चिमूटचिमूट मिसळून मला ओतलं. लेथवर कोरडंच कातलं. कारागिराने कपाळाचा घामसुद्धा माझ्यावर पडू दिला नाही. मग डब्यात बंद केलं. डब्यावर ठळक लिहिलं होतं, 'पाण्यापासून जपा'. याच दोन शब्दांनी पुढे घात केला.

मी एका जहाजावर पोचले. तिथे एका माणसापुरती छोटी पाणबुडी होती. पोटाखाली टांगलेल्या लोखंडी वजनामुळे ती तळाशी जाई. काम झालं की आतला दांडा ओढायचा, वजन सुटायचं, पाणबुडी वर यायची. दांडा अडकला तर? त्यासाठी मी. वजनाची कडी माझ्यावर अडकवायची. खाऱ्या पाण्यात चार तासांत मी विरघळले की वजन आपोआप गळून पडणार. बुडी तीन तासांची, आतली हवा दहा तासांची. सगळं चोख होतं.

पाणबुडी चालवायची भाची. तिचे मामा देखभालीला आले होते, नुकतेच. सारा जन्म ट्रकच्या गॅरेजात गेलेला माणूस. चार दिवसांत त्यांनी पाणबुडीचा बोल्ट न् बोल्ट उघडून पुसला आणि दिसेल त्याला ग्रीस लावलं. "ग्रीस कधी वाया जात नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. चहाच्या कपाटाची बिजागरीही त्यांनी अशी माखली की साखरेला वास यायचा. पिन एरवी भाची स्वतः बसवी. त्या सकाळी तिला उशीर झाला, म्हणून मामांनी डबा उघडला. वरचं वाचलं आणि हळहळले, "एवढीशी बिचारी, आणि खाऱ्या पाण्यात!" त्यांनी मला जाडसर ग्रीस चोपडलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं.

तीन तास झाले. तळाशी भाचीने दांडा ओढला. तो हलेना.

"मामा, दांडा अडकलाय," ती वर जहाजाशी जोडलेल्या फोनवर म्हणाली. "पण घाबरू नका, तासाभरात वजन सुटेल."

चौथा तास गेला. पाचवा गेला. मी ग्रीसखाली आरामात बसले होते. आज सांगताना लाज वाटते.

"अजून कसं सुटलं नाही?" भाचीचा आवाज बारीक झाला होता. "पिन एव्हाना विरघळायला हवी होती."

"विरघळायला?" मामांनी विचारलं. "अगं... मी तिला ग्रीस लावलं."

 सुटकेसाठी दुसरी पाणबुडी यायला दोन दिवस लागणार होते.

"पाणबुडीचा तो दगड उचलायचा यांत्रिक हात, तो पिनेपर्यंत पोचतो?" मामांनी विचारलं.

"पोचतो. पण पिन दिसत नाही."

"मी सांगतो ना. खरखरीत वाळू घे मुठीत. उजवीकडे ये. अजून. आता कडीला लागेल, वाजेल बघ."

खट्. वाजलं.

"तिच्या मागे चार बोटं. घास आता. जोरात घास, पोरी!"

वाळू माझ्या अंगावरून करकरली आणि पाण्याचा पहिला थेंब मला लागला. मी फसफसले. साडेपाच तास झाले होते. मला चार लागणार होते, म्हणजे तिच्यापाशी उरणार अर्धा तास.

भाचीने दिवे बंद केले, हळूहळू श्वास घेऊ लागली. "बोलत राहा, मामा." मामा बोलत राहिले. तिच्या पहिल्या सायकलची चेन, तिला लावलेलं ग्रीस, त्यात माखलेला तिचा नवा फ्रॉक.  मित्रांनो, इतकं लवकर संपावंसं मला कधी वाटलं नव्हतं. पण विरघळण्यात घाई करता येत नाही. मी बुडबुडे सोडत झिजत राहिले.

दहावा तास निम्मा सरला आणि मी मधोमध तुटले. वजन खाली गेलं.

पाणबुडी वर आली, झाकण उघडून भाची बाहेर आली. मामा नुसते पँटला हात पुसत होते, पुन्हा पुन्हा. मला बसवलेल्या भोकात अडकून राहिलेला माझा तुकडा त्यांनीच काढला. तेवढ्यावर ग्रीस राहिलं होतं, म्हणून मी उरले.

आता मी त्यांच्या टेबलावर बाटलीत असते. तुम्हाला एवढंच सांगते, जपा, जरूर जपा. पण ज्याला जपता ते कशासाठी आहे, हे आधी विचारा. मामा आता विचारतात. प्रत्येक बुडीआधी ते साबणाने हात धुऊन भाचीपुढे धरतात. ती वास घेऊन मान हलवते. मग ते नवी पिन बसवतात आणि तिला हळूच म्हणतात, "वेळेवर जा गं बाई."