तेलुगू अक्षरांसाठी अडून बसलेली ओळ

मी एक जुनी ओळ आहे, मित्रांनो. फळ्यावरची नव्हे, लातूरच्या एका छोट्या कंपनीत संगणकाला हुकूम सोडणारी. ही कंपनी शेतमालाच्या आडत दुकानांसाठी पावत्या छापणारा प्रोग्रॅम बनवते. नवा प्रोग्रॅम तयार झाला की संगणक ढीगभर फायलींतून कामाच्या तेवढ्या उचलतो, त्यांचा गठ्ठा बांधतो आणि दुकानांना धाडतो. काय घ्यायचं, काय वगळायचं, हे आम्ही ओळी सांगतो.

मला लिहिलं इथंच काम करणाऱ्या, तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादच्या पुनमनं, तेही रागाच्या भरात. एकदा गठ्ठ्यात तेलुगू अक्षरांची फाईल घ्यायची राहिली. तिच्या वडिलांच्या आडतीवर माल घालणाऱ्या, फक्त तेलुगू वाचणाऱ्या सायन्नामामांना मिळालेल्या पावतीवर अक्षरांऐवजी नुसते रिकामे चौकोन उमटले. "खिडक्या छापल्या का रे? माझं नाव कुठाय?" म्हाताऱ्यानं विचारलं. लातुरात तपासणी मराठीतच व्हायची, म्हणून ही चूक कुणाला दिसलीच नव्हती. पुनमनं मला बजावलं, ही फाईल घे, आणि नाही सापडली तर सगळं काम थांबव.

तेव्हापासून मी इमानानं राबले. कौतुक कुणी केलं नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

यंदा सोयाबीनच्या हंगामाच्या तोंडावर नवा गठ्ठा निघायचा होता. तेलुगूची फाईल जागेवर नव्हती. मी काम थांबवलं. ऑफिसातल्यांनी पुन्हा चालवलं, मी पुन्हा थांबवलं.

मालक राजशेखर वैतागले. "गिऱ्हाईकं वाट बघून राहिलीत, अन् ह्या ओळीचं नाटक!"

"सर, ती फाईल मीच काढली. उगं जागा खाऊन राहिली होती," नवा आलेला यज्ञेश म्हणाला. "तेलुगू इथं कोन वाचतंय? आता ही ओळ बी काढतो."

एक कळ दाबली की मी संपले असते. भ्याले, खरं सांगते. पण माझं म्हणणं मी सोडलं नाही.

"काढ की!" पुनम ताडकन उठली. "मग धर्माबादला तूच जा, अन् सायन्नामामाला तोंडावर सांग, तुमचं नाव आम्हाला लई जड झालं म्हणून."

यज्ञेशचा हात मागे आला. राजशेखर त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "ठेव बाबा ती फाईल परत."

गठ्ठा गेला. पुनमच्या वडिलांनी फोटो पाठवला. सायन्नामामा पावतीवरच्या आपल्या नावावर बोट ठेवून उभे होते.

मित्रांनो, वाटेत अडून बसलेलं काही दिसलं तर लगेच उपटून फेकू नका. ते कुणासाठी अडलंय, एवढं विचारा. आणि माझं म्हणाल, तर उद्या पुन्हा ती फाईल काढून बघा. सायन्नामामांचं नाव सोबत घेतल्याशिवाय इथून एकही गठ्ठा मी हलू देणार नाही.