निळ्यांनी मास्तरला घेतलं

निळ्यांनी मॅनेजर हाकलला ही बातमी माझ्या दुकानात सलूनवाल्याने आणली. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून, खांद्यावर टॉवेल, हातात वस्तरा, असा तो रस्ता ओलांडून आला आणि दारातूनच ओरडला, "गेला! टकल्या गेला!" मला वाटलं कुणाचं बरंवाईट झालं. मी मशीन थांबवलं. मग त्याचा चेहरा बघितला. एवढा आनंद माणसाला फक्त निळ्यांच्या दुःखातच होऊ शकतो.

आमच्या शहरात फुटबॉल क्लब दोन. आम्ही लाल, पुलापलीकडचे निळे. दोघेही वर्षानुवर्षं तळाला लोळत असतात, पण आपण वर जावं यापेक्षा दुसरा आणखी खाली जावा यावर दोघांचं जास्त लक्ष. माझं दुकान सोफे आणि गाड्यांच्या सीट दुरुस्त करायचं. आमची टोळी रोज संध्याकाळी इथेच जमते, कारण बसायला जागा भरपूर. गिऱ्हाइकांचे सोफे असतात ना! लोक बिचारे स्प्रिंग बसल्या म्हणून सोफा आणून टाकतात, आणि हे तिघे त्यावर बसून उरलेल्या स्प्रिंगाही बसवतात. सलूनवाला आमचा म्होरक्या. दुसरा दातांचा डॉक्टर. तो दवाखान्यात लोकांची तोंडं उघडतो आणि इथे येऊन स्वतःचं उघडतो, ते मिटतच नाही. तिसरे ड्रायव्हरकाका, आयुष्यभर बस चालवली, आता रिटायर. आणि चौथी मी. मला राग पटकन येतो, आणि येतो तेव्हा हातात बहुधा मोठी कात्री असते, त्यामुळे माझं ऐकतात.

निळ्यांना मॅनेजर बदलायची खोडच आहे. लोक पडदे बदलतात त्याहून पटापट बदलतात. म्हणून आम्ही एक बॅनर करून ठेवला होता. म्हणजे मीच शिवला होता, सीटच्या जाड रेक्झिनचा, पाऊस-पाण्याला न दबणारा. त्यावर मोठ्या अक्षरांत: 'सुस्वागतम्! बॅगा भरलेल्याच ठेवा.' आणि वर नावाची पट्टी, तीही वेल्क्रोची. मॅनेजर बदलला की चर्रर्र करून जुनी पट्टी काढायची, नवी लावायची. निळ्यांशी पहिला सामना आला की बॅनर आमच्या स्टँडमध्ये झळकायचा आणि पलीकडचे शिव्या घालायचे. आम्हाला भरून यायचं अगदी.

"आता कोण येणार?" काका सोफ्यात रुतत म्हणाले.

"कोणी शहाणा येणार नाही," सलूनवाला म्हणाला. "त्या खुर्चीत बसायला माणूस एकतर कर्जात बुडालेला पाहिजे नाहीतर बायकोला कंटाळलेला."

"परदेशातून आणतील कोणीतरी," डॉक्टर म्हणाला. "भाषा येत नसली म्हणजे बरं. निदान लोकांच्या शिव्या कळत नाहीत."

"अरे, त्यांच्या गोलकीपरलाच करा म्हणावं मॅनेजर. नाहीतरी तो तिथे उभा राहून सामना बघतच असतो."

आम्ही पोट धरून हसलो. मीही हसले, खोटं कशाला बोलू. दोन दिवस हेच चाललं होतं. सलूनमध्ये, दवाखान्यात, माझ्याकडे, जिथे तिथे नुसता उत्सव.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर फोन बघत आत आला आणि बोलेना. हा माणूस बोलेना म्हणजे काहीतरी गंभीर. त्याने फोन सलूनवाल्याला दाखवला, सलूनवाल्याने काकांना. मग तिघांनी माझ्याकडे बघितलं.

"काय झालं? माझ्या तोंडाला काय लागलंय?"

"ताई," सलूनवाला म्हणाला, "निळ्यांनी मास्तरला घेतलं."

मास्तर म्हणजे माझा दादा. माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा शाळेत खेळ शिकवायचा. संध्याकाळी आमच्या लाल क्लबच्या लहान पोरांना फुटबॉल. वर्षानुवर्षं, जवळपास फुकटात. मग एकदा क्लबला मॅनेजर मिळेना तेव्हा याला बसवला, आणि याने त्यासाठी शाळेची नोकरी सोडली. बावळट कुठला! काही सामने हरलो. मग आमच्याच स्टँडमधून ओरडा सुरू झाला: 'मास्तर, शाळा सुटली! मास्तर, शाळा सुटली!' ही ओळ कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली ते सांगायला नको, ते डोकं दिवसभर दुसऱ्यांची डोकी भादरत असतं. मी तेव्हा सलूनवाल्याशी एवढी भांडले होते की त्याच्या सलूनचा आरसा फुटता फुटता राहिला. पण क्लबने दादाला काढलं ते काढलंच. तेव्हापासून तो घरात. मध्ये कुठल्याशा लांबच्या शहरातल्या शाळेतून होकार आला होता, आणि तो जाणारच होता. आता निळ्यांनी बोलावलं होतं. इथे जमलं तर राहील. नाही जमलं तर जाईल, वहिनीला आणि पोरींना घेऊन. मग मला या शहरात माहेर म्हणून उरणार काय, तर कुलूप.

चहा आला. मग काकांना खोकला आला, आणि तो खोकला नव्हता, हसू होतं.

"माफ कर ताई, पण... आपण फेकलेलं त्यांनी उचललं गं!"

झालं! बांध फुटला.

"निळ्यांनी भंगारवाल्याकडून मॅनेजर घेतला!"

"आता रोज प्रार्थना आणि कवायत होणार तिथे!"

"गोल खाल्ला की अंगठे धरून उभं करणार!"

"गृहपाठ केला नाही म्हणून रेफरीच्या पालकांना बोलावणार!"

मी कात्री टेबलावर आपटली. "झालं तुमचं? आता माझं ऐका. आपला बचावातला डावा बॅक कुणी शिकवला?"

"मास्तरने," डॉक्टर म्हणाला.

"गोलकीपर? तो मधला उंच? सगळे कुणाच्या हाताखाली वाढले? आपल्या अर्ध्या टीमला दादाने बुटाच्या नाड्या बांधायला शिकवलंय. डाव्या बॅकचा उजवा पाय नुसता शोभेला आहे, त्याच्या बाहेरून कोणी वेगात आलं की तो गडबडतो, हे दादा जेवताना मला किती वेळा सांगून बसलाय. त्या माणसाला तुम्ही पुलापलीकडे धाडलंत. रविवारी त्यांच्याशीच सामना आहे. हसा आता."

क्षणभर वाटलं, डोक्यात शिरलं.

"ताई," सलूनवाला अगदी प्रेमाने म्हणाला, "त्याला एवढं सगळं माहीत होतं, तर आपल्याकडे असताना का हरत होता?"

परत हशा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या लोकांशी बोलणं म्हणजे फोमच्या गादीला गुद्दे मारणं. हात दुखतो, गादी परत फुगते.

जाताना डॉक्टर हळूच म्हणाला, "पट्टीचं काय करायचं? शनिवारपर्यंत होईल? फक्त 'मास्तर' लिहायचं. लहानच शब्द आहे."

"माझ्या मशीनवर होणार नाही."

"अगं, मस्करी आहे ती."

"मस्करी तुमची, मशीन माझं. चल, निघ."

शुक्रवारी दादाकडे गेले. दारातच खोक्यांना ठेचकाळले. भांडी, पुस्तकं, पोरींचे स्वेटर, सगळं बांधून भिंतीला लावलेलं, चिकटपट्ट्या तशाच. वहिनी त्यातल्या एका खोक्यावरच भाजी चिरत होती.

"हे अजून बांधलेलंच?" मी म्हटलं.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "रविवारी काय होतंय ते बघू आणि मग उघडू. उगाच दोनदा कोण बांधणार?"

बॅगा भरलेल्याच ठेवा! मी स्वतः शिवलेली अक्षरं, केवढी हौस करून, दुहेरी टाके घालून. तो विनोद इथे भाजी चिरत बसला होता. मला स्वतःचा आणि सगळ्या जगाचा संताप आला.

"वन्सं, एक मागू?" वहिनी म्हणाली. "रविवारी माझ्याशेजारी बसाल? त्यांच्या स्टँडमध्ये माझ्या ओळखीचं कोणी नाही. आणि तेही ह्यांना नावंच ठेवतायत, लालवाल्यांचा उरलासुरला माल म्हणून."

निळ्यांच्या स्टँडमध्ये! मी! माझ्या वडिलांनी मला खांद्यावर बसवून लाल स्टँडमध्ये नेलं होतं. निळ्या रंगाची साडीसुद्धा मी कधी घेतली नाही.

दादा आतून म्हणाला, "तिला त्रास देऊ नकोस गं. ती तिकडे जिवंत राहणार नाही."

"बसेन," मी म्हटलं. "पण टाळ्या वाजवणार नाही. आधीच सांगते."

रविवारी मी करड्या कोटात गेले. समोर आमचा लाल स्टँड, आणि त्यात बॅनर. नावाची पट्टी डॉक्टरने घरी जुन्या चादरीवर रंगवली होती, अक्षरं सगळी एका अंगाला कललेली. दातांच्या डॉक्टरच्या हातून सरळ रेघ निघत नसेल, तर बाई गं, लोकांच्या तोंडात काय होत असेल! वहिनीने बॅनर वाचला. पर्स मांडीवर घट्ट धरली. आणि समोरून सुरू झालं: 'मास्तर, शाळा सुटली!' आमच्या मागचा एक निळा म्हातारा त्यांच्या सुरात सूर मिसळून गुणगुणत होता. म्हणजे स्वतःच्याच मॅनेजरला! दादा रेषेजवळ हात मागे बांधून उभा, शाळेच्या ग्राउंडवर उभा राहायचा तसा.

मग सामना सुरू झाला आणि निळ्यांचा प्रत्येक चेंडू आमच्या डाव्या बॅकच्या बाहेरून जाऊ लागला. प्रत्येक. तो बिचारा वळायचा, उजवा पाय अडखळायचा, आणि निळा पुढे निघून गेलेला असायचा. पहिला गोल तसाच. दुसरा तसाच. माझ्याभोवती सगळे उड्या मारत होते, वहिनी तर माझ्या पायावरच उडी मारत होती. आणि मला रडू आलं. आनंदाने नाही हो! गोल आमच्यावर झाले होते. दादाचं घर शाबूत राहत होतं आणि माझा क्लब माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता, आणि दोन्ही एकाच वेळी मनात मावत नव्हतं. टाळी मात्र वाजवली नाही. शब्द म्हणजे शब्द.

मध्यांतराआधीच समोरचा ओरडा बदलला. मास्तर राहिला बाजूला, आता डावा बॅक आणि आमचा स्वतःचा मॅनेजर. सामना संपेपर्यंत तिसरा गोल झाला होता आणि लाल स्टँड एका आवाजात म्हणत होता, 'मास्तर परत या!' मागचा निळा म्हातारा आता दादाचं नाव घेऊन नाचत होता. मला दोघांच्याही कानाखाली काढावीशी वाटली.

बाहेर मोठ्या गेटपाशी आम्ही दादाची वाट बघत थांबलो. तिथे तिघांनी मला गाठलं. सलूनवाल्याचा आवाज बसला होता, डोळे लाल. कोणी जिवाभावाचं गेल्यासारखा दिसत होता.

"ताई, तू म्हणत होतीस ते खरं होतं."

"माहीत आहे मला."

"मास्तर आपलाच माणूस आहे गं. आपल्याकडे परत यायला हवा."

"आत्ताच लागलाय तिकडे. कसा येईल?"

"विचार केलाय आम्ही," डॉक्टर घाईने म्हणाला. "निळ्यांनी त्याला काढलं तर येईल ना? त्यांचा स्टँड कसा आहे माहीत आहे. दोन सामने हरले की पेटतात. आपण जरा वारा घालायचा. चार लोक त्यांच्यात बसवायचे, ओरडायला."

"म्हणजे त्याला पुन्हा हाकलायचं," मी म्हटलं, "तुमचं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून."

"अगदी बरोबर!" काका म्हणाले. त्यांना वाटलं मला पटलं.

मी हसत सुटले. थांबताच येईना, कोटाने डोळे पुसत हसले. वहिनी हसली नाही.

"वन्सं, ही तुमची माणसं?"

"हो."

"चांगली आहेत?"

तेवढ्यात दादा बाहेर आला, खांद्याला पिशवी, केस ओले. त्याने आम्हाला बघून हात केला. लालवाल्यांचा एक घोळका अजून गेटवर होता, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सलूनवाला भारावून गेला. "मास्तर!" म्हणून धावत पुढे झाला आणि पाठ थोपटायला त्याने हात उंच उचलला.

दादाने पिशवी टाकली आणि दोन्ही हात डोक्यावर धरून खाली वाकला.

टाळ्या थांबल्या. त्याला काढलं त्या दिवशी आमच्या गेटवर गर्दी जमली होती, एवढंच त्याने घरी सांगितलं होतं. दमलोय म्हणून दोन दिवस खोलीतून बाहेर आला नव्हता. गर्दीने काय केलं, ते ना वहिनीला माहीत होतं ना मला. आता तो शाळेतल्या मार खाणाऱ्या पोरासारखा माझ्यासमोर वाकलेला होता, आणि काका दुसरीकडे बघत होते, आणि डॉक्टर बुटांकडे.

वहिनीने जाऊन त्याचे हात हळूच खाली घेतले. सलूनवाल्याचा हात तसाच वर राहिला होता.

"हात खाली घे," मी म्हटलं.

त्याने घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी नव्हतो, ताई," तो म्हणाला. "शप्पथ सांगतो. मी फक्त ओरडत होतो."