दाबायच्या राहिलेल्या तारा

मी चाकं सरळ करायचा स्टँड बोलतोय. सायकलचं चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं की कारागीर म्हणतात, 'चाकाला आऊट आलाय.' तो आऊट माझ्या हातांत निघतो. मला हात दोनच, लोखंडी, वरच्या टोकाला खाच पाडलेले. त्या खाचांत चाक अडकवायचं, गरगर फिरवायचं आणि कुठे डुलतंय ते बघत तारा आवळायच्या. मी नुसता उभा असतो. पण न हलता उभं राहणं प्रत्येकाला जमत नाही, हे चाळीस वर्षांत मी बघितलंय.

माझा जन्म एका मोडक्या पलंगातून झाला. पलंग दुकानाच्या मालकांच्या लग्नातला. त्यांचा मेहुणा वेल्डर होता. "पलंग मोडलात, आता माझ्या बहिणीला झोपवणार कुठे?" असं चिडवत त्याने एका दुपारी मला उभा केला. माझा डावा हात पलंगाच्या पायाचा, उजवा उशाकडच्या नळीचा. म्हणून डावा जरा जाड आहे.

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खुंट्यांवर रिमा टांगलेल्या, मागच्या खोलीत मी. मालक सायकली विकत नसत, पंक्चर काढत नसत. फक्त चाकं बनवत, तीही माणूस बघून. "वजन किती? रस्ता कसला? पुढचा ब्रेक दाबता की मागचा?" असं आधी विचारत. एका जाडजूड गृहस्थांनी वजन कमी करून सांगितलं, तेव्हा मालक म्हणाले, "साहेब, चाकाला खोटं चालत नाही. खरं सांगा, बाहेर जाणार नाही."

भिंतीवर एक पाटी होती. तिच्यावर मालकांच्या अक्षरात अकरा प्रकारची चाकं लिहिलेली.

मालकांच्या मुलाला चाकांत गोडी नव्हती, तो शाळेत गणित शिकवतो. सून मात्र लग्नानंतर महिन्याभरात मागच्या खोलीत येऊन बसली ती बसलीच. आधी ती चष्म्यांच्या दुकानात काचा बसवायची. बोटं बारीक कामाला सरावलेली होती. ती तारा ओवायची, आवळायची, आऊट काढायची. शेवटचा हात मात्र मालकांचा. सहा वर्षं असं चाललं.

एक दिवस ती पाटीसमोर उभी राहिली.

"बाबा, यातली वर्षभरात किती प्रकारची गेली?"

"चार."

"आणि बाकीची सात?"

"ती आहेत म्हणून दुकान आहे."

"ती आहेत म्हणून खुंट्या अडल्यात, बाबा."

तिचं म्हणणं सरळ होतं. हल्ली लोक पुढे मोठी पेटी लावलेल्या लांब सायकलींवरून मुलं नेतात, सामान नेतात. त्यांना रुंद, भक्कम चाक हवं. नव्या ब्रेकच्या सायकलींना वेगळं चाक हवं. लोक विचारून रिकाम्या हाताने परत जातात. जुनी सात काढायची, ही दोन घालायची.

मालक म्हणाले, "कर तुला हवं ते."

घरातलं मोठं माणूस असं म्हणालं की त्याचा अर्थ काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

नवी रुंद चाकं माझ्या हातांत मावेनात. मग एक नवा स्टँड आला, गुळगुळीत, आऊट मोजणारी काट्याची तबकडी असलेला. मी टेबलाखाली गेलो. डोक्यावर कुणीतरी तेलाचा डबा ठेवला. आता भंगारवाल्याची हाक ऐकायची, एवढंच बाकी, असं मी धरून चाललो.

पहिलं मोठं काम आलं बालवाडीचं. पेटीच्या सहा सायकली, सहा पुढची चाकं. सूनबाईने ती एकटीने बांधली. मालक पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले.

आता एक गोष्ट सांगतो. चाक पुरं झालं की मालक ते उतरवायच्या आधी दोन-दोन तारा मुठीत धरून करकचून दाबत. टुण टुण आवाज येई, तारांची वाकडी टोकं आपापल्या भोकांत घट्ट बसत, म्हणजे पुढे सैल पडून तुटत नसत. मग पुन्हा एकदा आऊट काढत. हे सगळं ते गप्पा मारता मारता करत, त्यामुळे ते काम आहे असं कुणाला वाटत नसे. शिकवताना त्यांनी ते कधी वेगळं काढून सांगितलं नव्हतं. तोच त्यांचा शेवटचा हात.

टेबलाखालून मला दाराशी त्यांच्या चपला दिसल्या. सूनबाईने तबकडीचा काटा बघितला, स्थिर होता. खूश होऊन तिने चाक उतरवलं, दुसरं चढवलं. चपला एक पाऊल आत आल्या. थांबल्या. मग वळल्या आणि निघून गेल्या.

तीन आठवड्यांनी बालवाडीच्या बाई सायकल हाताने ढकलत आल्या. पुढच्या चाकाच्या दोन तारा तुटून लोंबत होत्या.

"उतारावर टक्कन आवाज आला," त्या म्हणाल्या. "पेटीत चार मुलं होती हो! ब्रेक दाबला, सगळ्यांना उतरवलं, चालवत घरी सोडलं. कुणाला काही झालं नाही."

सूनबाईने तुटकी तार बोटांत धरून बघितली. "आणि बाकीच्या पाच?"

"दुपारच्या पोरांना घेऊन आत्ताच निघाल्या असतील."

तिने फोनवर फोन लावले. एक सायकल थांबली, दुसरी थांबली, तिसरी, चौथी. पाचवीचा फोन कुणी उचलेना. ती स्वतः सायकल काढून त्या उताराकडे सुटली. मालक दारात उभे राहिले, ते ती परत येईपर्यंत हलले नाहीत. पाऊण तासाने ती आली. घामाघूम, पण हसत. पाचव्या सायकलवाल्याचा फोन बालवाडीतच राहिला होता. स्वारी अजून फाटकातच होती, एका पोरीचा हरवलेला बूट शोधत.

"त्या बुटाचे उपकार," म्हणत तिने ओलं फडकं घेतलं आणि पाटीच्या तळाशी दाटीने लिहिलेल्या आपल्या दोन ओळी पुसायला लागली. "तुमचंच खरं, बाबा. ही चाकं आपल्याला जमायची नाहीत."

मालकांना गप्प राहायचं असतं, तर ती वेळ होती.

"पुसू नकोस," ते म्हणाले. "चाकं बरोबर आहेत. तू तारा न दाबता उतरवलीस, ते मी बघितलं होतं. बोललो नाही."

तिचा हात थांबला. "का?"

"माझी सात पुसायला निघाली होतीस ना. म्हटलं, हिला कळू दे."

"मुलं होती त्या पेटीत."

"हो गं." त्यांनी मान वर केली नाही. "तेच दिसतंय डोळ्यांपुढे."

ती ओरडली नाही. तिने फडकं खाली ठेवलं. मग तुटक्या तारांचं चाक त्यांच्यापुढे सरकवलं. "दाखवा. आणि या वेळी बोलत बोलत दाखवा."

सहाही चाकांत सगळ्या तारा नव्या घातल्या. दोन दिवस त्या खोलीत टुण टुण चाललं होतं. तिच्या मुठीला फोड आले, मालकांनी आपले जुने हातमोजे काढून दिले.

बालवाडीच्या बाई मात्र पक्क्या. म्हणाल्या, "आधी तुम्ही दोघं बसा पेटीत. मुलं नंतर."

मी तिथे नव्हतो, पण ही हकिगत इतक्यांदा ऐकलीय की मला ती पाठ आहे. सासरे आणि सून गुडघे हनुवटीला टेकवून पेटीत बसले, बाईंनी सायकल उतारावर सोडली. खड्डा आला की मालक डोळे मिटून कान चाकाकडे लावत. खाली पोचेपर्यंत टक् नाही की टुक् नाही. वर येताना मात्र बाई म्हणाल्या, "आता उतरा हं, ढकला!"

त्या संध्याकाळी मालकांनी आपली सात चाकं आपल्याच हातांनी पुसली. सातव्यापाशी जरा रेंगाळले. मग त्या मोकळ्या जागेकडे बोट करून तिला म्हणाले, "तुझी दोन इथे लिही, ठळक अक्षरात लिही." आज पाटीवर सहा आहेत आणि खुंट्यांना श्वास घ्यायला जागा आहे.

मला तिनेच टेबलाखालून ओढून काढलं. अरुंद चाकं अजून बनतात, आणि माणसं दोन म्हटल्यावर स्टँडही दोन लागतात. आता मालक माझ्यापाशी, ती नव्यापाशी.

मालकांचं तोंड आता बंद म्हणून होत नाही. तार ओवली की बोलतात, तार आवळायचं निपल हातातून पडलं की बोलतात, काही चुकलं नाही तरी 'काही चुकलं नाही हं' असं सांगतात. परवा ती वैतागली, "बाबा, पुरे! काम करू द्या."

"एकदा गप्प बसून बघितलंय," ते म्हणाले. "आता जमत नाही."

मला तर ती बडबड हवीहवीशी वाटते. त्या दिवशी टेबलाखालून मलाही सगळं दिसत होतं. पण लोखंडाने हाक कशी मारावी? तुमचं तसं नाही. रुसा, फुगा, जेवायला उशीर करा, पण कुणाची तार दाबायची राहिलेली दिसली, तर तेवढं सांगून मग रुसा.

बरंय. मालकांनी चाक अडकवलंय, आणि फिरवायच्या आधीच बोलायला सुरुवात केलीय.