इनासबाबांचा दगड आणि चुन्याची निवळी

मित्रांनो, डोंबिवलीतल्या एका घराच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला मी एक डोसिंग पंप आहे. विहिरीचे पाणी उपसणारा पंप मी नव्हे. माझ्या पोटातली छोटी चाके एक रबरी नळी दाबत फिरतात आणि बाटलीतले द्रावण थेंबाथेंबाने पुढे ढकलतात. मला तेवढेच येते. थेंब हवेत की नकोत, हे मला कळत नाही. ते चालवणाऱ्याला कळावे लागते.

माझी उमेदीची वर्षे मानपाड्याला, रंगाच्या एका कारखान्यात गेली. तिथले सांडपाणी आंबट असे. ते बाहेर सोडण्याआधी त्यात सोड्याचे पाणी मिसळणे हे माझे काम. पायस माझे ऑपरेटर होते. पाणी जास्त आंबट आले की ते माझे बटण थोडे पुढे फिरवत. दसऱ्याला यंत्रांची पूजा होई, तेव्हा स्वतः ख्रिस्ती असूनही मला झेंडूची माळ तेच घालत. "हा आपला माणूस. कधी दांडी मारत नाही," असे सगळ्यांना सांगत. मी सुखावून जाई.

१९९४ साली कारखान्यात नवी यंत्रे आली आणि मी शीळफाट्याच्या एका भंगारवाल्याकडे जाऊन पडलो. पायसनी मला तिथून शोधून काढले. नवी नळी बसवली, घासूनपुसून घरी आणले. इतका मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

घरी त्यांनी नुकतीच समुद्राच्या पाण्याची एक काचेची टाकी मांडली होती. त्यांची बायको स्टेला उत्तनची, कोळ्यांच्या घरातली. तिचे वडील इनासबाबा यांचे गुडघे गेले होते. ते होडीवर शेवटचे गेले त्या दिवशी जाळ्यात एक दगड अडकून आला. दगडावर शर्टाच्या बटणाएवढे बरेच हिरवे प्रवाळ होते, पाण्यात फुलासारखे उघडणारे. इनासबाबांनी तो ओल्या गोणपाटात गुंडाळून लेकीला आणून दिला. "माझा शेवटचा म्हावरा," ते म्हणाले. "खायचा नाय, सांभाळायचा."

पायस ठाण्याला कोपरीत शोभेचे मासे विकणाऱ्या गुरुदत्तकडे टाकीचे सामान घेत. माझ्याविषयी ऐकून गुरुदत्त हसला.

"अरे, एवढीशी टाकी, एक दगड. त्याला मशीन कशाला?"

"प्रवाळाला चुना लागतो ना? मी चुन्याची निवळी सोडणार. थेंब थेंब, आपोआप."

"दगडासारखा सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळाला लागतो. तुझे हे मऊ. ह्यांना हाडंच नाहीत, चुना घालून करतील काय? तू आपला पाणी बदलत राहा. उद्या सांगाडेवाले आणलेस, ते वाढले, पाणी बदलूनसुद्धा चुना कमी पडायला लागला, आणि तपासणीत तसं दिसलं, तर आधी हातानं घाल. हातानं घालून कंटाळलास की ये, मीच मशीन लावून देतो."

"म्हणजे विकायला तुझ्याकडे मशीन नाही, म्हणून सांगतोयस!" पायस म्हणाले.

ईस्टरनंतर फादर घरोघरी आशीर्वाद द्यायला येतात. पायसनी त्याच दिवशी मला सुरू करायचे ठरवले. सासऱ्यांच्या होडीवर पवित्र पाणी शिंपडतात, मग पंपावर का नाही, असे त्यांचे म्हणणे. फादरनी हसत दोन थेंब माझ्यावरही उडवले. शेजारी आणि पंढरी, रामा वगैरे कारखान्यातले मित्र जमले होते. पायसनी सगळ्यांदेखत जाहीर केले, "आजपासून ह्या टाकीला हात लावायचा नाही. सगळं मशीन बघणार!"

टाळ्या पडल्या. मीही फुगलो. त्या टाळ्यांची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

कारण नंतर तसेच झाले. पाणी बदलणे थांबले. मी निवळी सोडत राहिलो. कारखान्यात नवे आंबट पाणी सतत येई आणि माझा सोडा त्यात खपून जाई. इथे चुना खपवणारे कोणीच नव्हते. पाणी दुधासारखे गढूळ झाले. काचेवर पांढरी पूड बसली. प्रवाळ मिटले.

"अहो, बंद करा ना ते," स्टेला म्हणाली.

"फादरनी आशीर्वाद दिलेलं मशीन बंद करू? पंढरी, रामा सगळे विचारतील. चुना कमी पडत असेल." आणि कारखान्यातल्या सवयीने त्यांनी माझे बटण आणखी पुढे फिरवले. मी आणखी जोरात धावलो.

रविवारी इनासबाबा दगड बघायला आले. आल्याआल्या खुर्ची टाकीसमोर ओढून बसले.

"मिटलेत रे."

"झोपलेत, पप्पा," पायस म्हणाले. "दुपारी झोपतात."

"असं? मग उठू देत. मला काय घाई नाय."

स्टेलाने वडिलांकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. आणि ती आत गेली.

इनासबाबा बसून राहिले. चहा झाला. जेवायला उठा म्हटले तर त्यांनी ताट तिथेच मागवले. कोणी बोलत नव्हते, म्हणून माझ्या चाकांची घरघर सगळ्या घरात ऐकू येत होती. त्या शांततेत मी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या दगडावर निवळी सोडत होतो. मला थांबता येत नव्हते. पायस खोलीत येत, घाम पुसत, परत जात. ऊन उतरू लागले तसे ते येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी माझी वायर खेचली.

"पप्पा, झोपले नाहीत ते. मी मारले."

इनासबाबा काचेवर वाकले. मग म्हणाले, "सगळे मेलेत का ते आधी बघू. पाणी आण."

दोघांनी मिळून पाणी बदलले. पुढचे कित्येक दिवस स्टेला रोज थोडे थोडे बदलत राहिली. वरचे प्रवाळ झडून गेले. दगडाच्या खालच्या कपारीत मोजके जगले.

त्या रविवारी संध्याकाळी निघताना इनासबाबांनी मला कोपऱ्यात उलटा पडलेला पाहिले. "ह्याला कशाला फेकलास? ह्यानं काय केलं? सांगितलं तेवढंच केलं बिचाऱ्यानं." त्यांनी माझी बाजू घेतली, मित्रांनो, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

म्हणून तुम्हाला विनंती करतो. तुमच्या घरी कधी प्रवाळांची टाकी आली, तर आरंभीच मला आणू नका. आधी पाणी तपासायला आणि वेळेवर बदलायला शिका. प्रवाळांना वाढू द्या. मागणी त्यांच्याकडून येऊ द्या, तुमच्या हौसेकडून नको. मग मला जरूर बोलवा, मी दांडी मारणार नाही. पण तेव्हाही रोज टाकीसमोर खुर्ची टाकून थोडा वेळ बसत जा. ते काम मला कधीच जमणार नाही.